खांद्यावरची बोटं

आमच्या घराण्यात हात आधी चालतो, तोंड मागून. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि लाजूनही नाही. कुणाच्या घराण्यात मधुमेह असतो, आमच्यात हे आहे. लहानपणी आजीचं लाटणं, त्याच्या जोडीला बाबांचा पट्टा, आणि उरलेल्या वेळात मी आणि माझा दादा एकमेकांच्या उरावर. कोल्हापुरात गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "मडमेचं रक्त आहे, तापणारच." मडम म्हणजे आमची आजी, बाबांची आई. ती पोलंडची होती.

महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलंडच्या बायकापोरांसाठी कोल्हापूरजवळ वळिवड्याला छावणी होती. तिथं ती तिच्या आईबरोबर आणि धाकट्या भावाबरोबर आली. त्याआधीचं ती भाकरी थापताना सांगायची, आणि सांगताना हात थांबायचा नाही. पहाटे सैनिक आले. दार उघडायला उशीर झाला म्हणून तिच्या वडिलांच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता बसला, दात उंबऱ्यावर पडले. मग त्यांना अंगणात नेलं. गोळीचा आवाज झाला तेव्हा आईनं हिचं तोंड असं दाबून धरलं होतं की ओठ फुटला. "किंचाळले असते तर मलापण मारलं असतं," आजी म्हणायची आणि भाकरी तव्यावर टाकायची. पुढं सायबेरिया, उपासमार, इराण, आणि मग हिंदुस्थानची बोट.

ती बोट इथल्या समुद्रातूनच गेली असणार. मी लग्नानंतर मस्कतला आले ती इथलीच झाले. वादी अदाईत आमचा फ्लॅट आहे, नवरा रुवीतल्या एका ऑफिसात हिशेब बघतो. माझी आई वारल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच शुक्रवारी म्हणाले, "मला समुद्रावर ने." तिथं बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आई इथनं गेली." मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं. घरी येऊन नकाशा बघितला, तर त्यांचं खरं होतं.

छावणीत भाजीचा ट्रक घेऊन जाणारा ड्रायव्हर म्हणजे आमचे आजोबा. दोघांचं जमलं हे कळलं तेव्हा आजीच्या आईनं कमरेचा पट्टा काढला. बक्कल भुवईवर बसलं. ती खूण आजीच्या चितेपर्यंत गेली. मग शिवणाच्या कात्रीनं तिची वेणी कापली. इकडं आजोबांच्या थोरल्या भावानं त्यांना गोठ्यातल्या खांबाला बांधून चाबकानं फोडलं. तरीही दोघांनी लग्न केलं. माराला भिऊन कोण सुधारलंय? छावणी उठली आणि आजीची आई मुलाला घेऊन इंग्लंडला गेली. निघताना मायलेकींचं काय झालं हे आजीनं कुणालाही सांगितलं नाही.

बाबांना शाळेत पोरं 'गोरं माकड' म्हणायची. ते रोज कुणाचं तरी नाक फोडून यायचे, आणि त्याबद्दल घरी आजीचा मार खायचे. मार खाऊन झाला की विचारायचे, "तुझी आई आपल्याला का बोलवत नाही?" आजीचं उत्तर ठरलेलं होतं. "तिनं माझा फोटो नेलाय. तिकडं भिंतीवर लावलाय." बाबांनी त्या एका वाक्यावर बालपण काढलं. कुठंतरी लांब एक भिंत आहे, आणि तिथं आपल्या आईला जागा आहे.

आजीचे फोटो बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात असायचे. लष्करी टोपीतले तिचे वडील. उघड्या शवपेटीत झोपलेलं एक तान्हं मूल आणि भोवती उभी सगळी माणसं, त्यांच्यात तशी रीतच होती म्हणे. आणि कोल्हापुरातल्या स्टुडिओतला एक, ज्यात आजीची आई खुर्चीत, पायाशी धाकटा भाऊ आणि बाजूला स्टुलावर सोळा-सतरा वर्षांची आजी, तिच्या खांद्याकडचा भाग ओल लागून उडालेला. याशिवाय त्यातच एक कापलेला तुकडा होता, दोन बोटांएवढा. त्याच फोटोतली आजी, डोक्यापासून छातीपर्यंत. खांद्यावर कुणाची तरी चार बोटं, मनगटाशी कापलेली.

आजी गेली तेव्हा हार घालायला फोटो हवा होता. हार घालायचा तर एकटीचा फोटो लागतो. चारचौघांतल्याला कसा घालणार? एकटीचा असा तो तुकडाच होता. कुठल्यातरी कागदपत्रासाठी तिनंच दुसऱ्या प्रतीतून कापला असेल, असं आम्ही धरून चाललो आणि त्याला फ्रेम केली. वर चंदनाचा हार. हार असा बसवायचा की ती बोटं झाकली जातील, कारण मृताच्या खांद्यावर कुणाचा हात बरा दिसत नाही. बाबा येताना ती फ्रेम मांडीवर घेऊन विमानात बसले होते. माझ्या स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याशेजारी ती आजही असते.

गेल्या वर्षी बाबांचे डोळे गेले. काचबिंदू. एक पूर्ण गेला, दुसऱ्यातून नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, आणि ती नळीही बारीक होत चाललीय. रुवीतल्या डॉक्टरनं सांगितलं, आता हे थांबणार नाही. त्या दिवशी गाडीत बाबा म्हणाले, "त्या भिंतीवर आई आहे का, तेवढं बघू दे. मग डोळे गेले तरी चालतील."

मी कामाला लागले. छावणीतल्या माणसांची पोरंनातवंडं जिथं जुने फोटो टाकतात असा एक ग्रुप इंटरनेटवर मिळाला. तिथं विचारत विचारत बाबांच्या मामाची नात सापडली, इंग्लंडमध्ये राहणारी. एका शुक्रवारी सकाळी मी डब्यातले सगळे फोटो मोबाईलवर काढून तिला पाठवले आणि विचारलं, तुमच्याकडे भिंतीवर काही आहे का?

त्याच दुपारी दादा आला. तो सहम गावी शेतीचे पंप विकणाऱ्या दुकानात मॅनेजर आहे, दर शुक्रवारी जेवायला येतो. या देशात कुणावर हात उगारला तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास. म्हणून त्याच्या अर्बाबनं, म्हणजे अरब मालकानं, कितीही झापलं तरी दादा इन्शाल्ला म्हणून मान खाली घालतो, आणि आठवड्याचा साठलेला राग माझ्या घरी घेऊन येतो.

"कुणाला विचारून पाठवलंस?" चप्पल काढायच्या आधीच त्यानं सुरू केलं. बाबांनी त्याला सकाळीच फोनवर सांगितलं होतं.

"बाबांना विचारून."

"त्या बाईनं आजीला कुत्र्यासारखं बडवलं, टाकून गेली. आणि तिच्या पोराबाळांना आता आपण घरबसल्या फोटो द्यायचे? का म्हणून?"

"त्यांनी मागितले नाहीत. मी पाठवले."

"लई शहाणी झालीस!"

"तू पंप वीक. मला शिकवू नकोस."

तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि फ्रेम उचलली. "ही तरी आता माझ्याकडं राहू दे. नाहीतर उद्या हीपण पार्सल करशील." मी फ्रेमचं दुसरं टोक धरलं. त्यानं हिसडा दिला, मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं मला फ्रिजवर ढकललं, डब्यांची रास माझ्या अंगावर कोसळली. मी उठले आणि त्याचा शर्ट धरून ओढला तो बटणांसकट हातात आला. बाहेरून बाबा ओरडत होते, "मारा! मारा एकमेकांना, संपवा एकदाचं!" त्या ओढाताणीत फ्रेम ओट्याच्या कडेवर आदळली. काच फुटली, आणि दादाच्या तळहातात घुसली. ओट्यावर, फरशीवर, चंदनाच्या हारावर रक्तच रक्त.

खालच्या मजल्यावरचे रत्नागिरीचे चाचा दारात येऊन उभे राहिले. "अरे, हळू! कुणी पोलिसाला फोन केला तर काय सांगणार आहेस?"

"काच फुटली," आम्ही दोघं एकदमच बोललो.

क्लिनिकमध्येही आम्ही तेच सांगितलं. टाके घालताना दादानं माझा हात एवढा आवळला की बांगडी वाकली. परत येताना तो म्हणाला, "तुझा हात अजून आजीसारखाच बसतो." मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही, आणि दोन्हीची चीड आली.

घरी आलो तर बाबा सोफ्यावर तसेच बसले होते. फुटलेल्या काचेतून फोटोचा तो तुकडा त्यांनी चाचपून काढला होता आणि मुठीत धरला होता. मोबाईल बघितला. उत्तर आलं होतं, आणि बरोबर एक फोटो. मी उघडला. दादा खांद्यावरून वाकला.

तोच फोटो. खुर्चीत आई, पायाशी भाऊ. बाजूला आजीचा नुसता झगा उरला होता. वर भोक होतं, कात्रीनं कापलेलं, वेडंवाकडं. आईचा हात त्या भोकाकडे गेला होता आणि मनगटाशी संपला होता.

बाबांनी मान वर केली. "आलं का? आहे का आई?"

दादानं माझ्याकडे बघितलं. भांडणात आयुष्य काढलेला माणूस, पण आवाज असा मऊ काढला की मी चकित झाले. "आहे, बाबा. भिंतीवर आहे. मधोमध."

बाबांनी आवाजाच्या दिशेनं हात फिरवला. थप्पड दादाच्या गालावर नीट बसली.

"आई असंच म्हणायची," बाबा म्हणाले. "ह्याच आवाजात. दाखव इकडं."

मोबाईल त्यांनी डोळ्याजवळ नेला आणि हळूहळू सरकवत गेले. खुर्ची, आईचा चेहरा, हात. मग थांबले. "इथं काहीच नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एखाद्या मार खाल्लेल्या पोरासारखा झाला. मला ते बघवेना. आजीचा राग आला, तिच्या आईचा आला, फोटो शोधत बसलेल्या माझासुद्धा आला. मी भांडल्यासारखंच ते उत्तर मोठ्यानं मराठीत करून वाचायला लागले.

तिनं लिहिलं होतं, "पणजीच्या स्वयंपाकघरात हा फोटो ती मरेपर्यंत होता, असाच, भोकासकट. इथं कोण होतं, ते तिनं कधी सांगितलं नाही. एकदा माझ्या आजोबांनी, म्हणजे तिच्या मुलानं, त्या जागी चांगला फोटो लावायला काढला, तर तिनं ओगराळ्यानं त्यांची बोटं फोडली. म्हणाली, ते भोक माझं आहे, त्याला हात लावायचा नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोतली मुलगी तीच का?"

बाबांनी मूठ उघडली. तुकड्यावर दादाच्या रक्ताचा डाग वाळला होता. त्यांनी तो मोबाईलच्या काचेवर ठेवला. भोक लहान होतं, तुकडा मोठा. दादानं पट्टी बांधलेल्या हाताच्या दोन बोटांनी फोटो वाढवत नेला. थोडा जास्त झाला, कमी केला, बाजूला सरकवला. आणि एका जागी सगळं जुळलं. खांद्यावरची चार बोटं त्या मनगटाला जाऊन लागली. आमच्या हाराखाली इतकी वर्षं झाकलेला हात तिच्या आईचा होता. लेकीला कापून काढताना तिनं स्वतःचा हातही कापला होता, आणि तो इथं फेकून गेली होती.

"हात ठेवून गेली की म्हातारी," बाबा म्हणाले. दादा तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. काचेतला उजेड गेला की बाबा म्हणायचे, "परत लाव," आणि दादा परत लावायचा.

मग बाबा म्हणाले, "हे असंच पाठव तिला."

मी दादाच्या मोबाईलवर फोटो काढला. त्यात बाबांचा अंगठा आला होता, दादाची रक्ताळलेली पट्टीही आली होती. पाठवण्याआधी कडेचं नको ते कापून टाकायची मला सवय आहे. बोट तिथं गेलंही होतं. मी काही न कापता पाठवला.