आयव्हीचा शेवटचा ताका

माझे पुढचे दोन दात आयव्ही बॅराक्लफनं पाडले. उगाच नाही पाडले, मी तिच्या कापड विणायच्या मागावर घण उचलला होता म्हणून.

बाई जात्याच तिखट. आमच्या चढावरच्या गल्लीत तिच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती. पंधराव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत आली ती एकतीस वर्षं एकाच मागावर. एकदा मुकादमानं एका पोरीच्या कमरेला हात लावला, तर हिनं मागातला आडवा धागा नेणारा लाकडी धोटाच त्याच्या कपाळात घातला. सात टाके! मालकानं झापलं तर म्हणते, "त्यानं परत केलं तर मीही परत करीन." पण कामाला अशी, की तापानं फणफणली तरी अर्धा ताका मागावर टाकून कधी उठली नाही. आमच्याकडे विणकराची अब्रू म्हणजे तेवढीच.

मग गिरणी बसली. मालकाचा हुकूम, सगळे माग फोडायचे, म्हणजे दुसऱ्या कुणाला चालवता यायला नकोत. मी तिथला जॉबर, माग दुरुस्त करणारा. बावीस वर्षं ज्यांना तेल घातलं, तेच फोडायला मला ठेवलं. घरी खाणारी तोंडं होती, लाज गुंडाळून हो म्हणालो.

सोमवारी सकाळी दोन माग फोडले आणि तिसऱ्याकडे वळलो, तर आयव्ही आडवी. मागावर करडा ताका, दोन वार बाकी.

"बाजूला हो, आयव्ही."

गिरणीच्या खडखडाटात आम्ही नुसते ओठ हलवून बोलायचो. आता वीज तोडलेली, सगळं चिडीचूप, तरी तिनं ओठांनीच मला आईवरून शिवी घातली. माझं डोकं सटकलं. घण उचलला, तशी तिनं धोटा मारायचा दांडा उपसून माझ्या थोबाडावर दिला. तोंडात नुसतं रक्त. मी तिचे केस धरून तिला खांबावर आपटलं. तिची भुवई फुटली. तिनं माझ्या मनगटाचा लचका तोडला.

"दोन वार होऊ दे रे, क्लिफर्ड!" ती किंचाळली. "मग मलाही फोड!"

मला माझीच किळस आली.

"वीज कुठाय, बये?"

"हात मोडलेत का तुझे? चाक फिरव!"

दुपारपर्यंत हातानं चाक फिरवलं. कापडावर डाग पडू नये म्हणून तिनं भुवईवर रुमाल आवळला होता. शेवटचा धागा बसला, ताका कापून तिनं घडी घातली.

"आण तो घण."

"राहू दे, मी करतो."

"माझ्या मागाला हात लावून तर बघ!"

अर्धा तास ती मागाच्या बिडाचे तुकडे उडवत होती, शिव्या देत होती, ढसाढसा रडत होती. मग घण माझ्या पायाशी टाकून निघून गेली.

उरलेले सदतीस मी फोडले. दर वेळी घण उचलण्याआधी दाराकडे बघायचो. कुणीही आडवं आलं नाही.