आत्याच्या मातीला फादर आले नाहीत

सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायचं शिक्षण घेतात तिथं, माझं ईशज्ञानाचं तिसरं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात माझी आत्या वारली आणि तिच्या मातीला आमच्या चर्चचे फादर आले नाहीत. ही गोष्ट मला आजवर शांतपणे सांगता आलेली नाही. आताही येईल असं वाटत नाही.

आमचं गाव पेडगाव. छप्पन सालानंतर आमची बहुतेक वस्ती बौद्ध झाली. माझे आजोबा त्याच्या आधीच ख्रिस्ती झाले होते, ते ख्रिस्तीच राहिले. त्यामुळं एकाच भिंतीच्या अलीकडं क्रूस आणि पलीकडं बुद्धमूर्ती, आणि दोन्ही घरांत पीठ-मीठ उसनं चालायचं. आजोबांची धाकटी मुलगी, म्हणजे माझी आत्या, पलीकडच्या घरात दिली. लग्न विहारासमोरच्या मांडवात लागलं. चर्चची परवानगी घ्यावी लागते, कागद करावा लागतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? त्या काळी फादर मोटारसायकलवर कधीतरी यायचे आणि दिवस मावळायच्या आत परत जायचे.

आत्या परभणीच्या कृषी विद्यापीठात रोजंदारीवर होती. आठवडाभर प्रयोगाच्या ज्वारीत खुरपायची आणि रविवारी आटोत बसून चर्चला यायची. सगळ्यांत मागं, दाराजवळच्या सतरंजीवर बसायची. कम्युनियनला, म्हणजे प्रभूची पवित्र भाकर घ्यायला, रांग लागली की सगळे उठायचे, ती बसून राहायची. लहानपणी मी विचारलं, "आत्या, तू का नाही जात?"

"माजं लगीन चर्चात न्हाई ना लागलं, आपल्याला न्हाई चालत रं," ती म्हणाली. दुसऱ्याच्या बागेतला आंबा तोडायचा नाही, असं लेकराला सांगावं तितक्या सहज.

आणि मला क्रूसाची खूण शिकवली ती तिनंच. माझी आई दिवसभर शेतात. आत्या माझा हात धरून कपाळाला, छातीला, खांद्यांना लावायची. "बापाच्या, आन् लेकाच्या, आन् पवित्र आत्म्याच्या नावानं." मी सेमिनरीत निघालो तेव्हा पांढऱ्या सदऱ्याचं कापड तिनं घेतलं आणि वस्तीभर सांगत फिरली, लेकरू देवाच्या घरी चाललंय.

देवाच्या घरी पहिल्या वर्षी मला बोलायला शिकवलं. प्रवचनाचा सराव असायचा, वर्गासमोर उभं राहून बोलायचं. माझ्या वाट्याला उतारा आला तो, पुनरुत्थानानंतर येशू तळ्याच्या काठावर शिष्यांसाठी मासे भाजतो त्याचा. मला तो प्रसंग फार आवडतो. येलदरीला धरणाच्या कडेला मी मासे भाजणारे लोक पाहिलेत. धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून मान कशी वळवतात ते मला ठाऊक होतं. मी तसाच बोललो. "येशू काठावर बसलाय आन् मासे भाजायलाय. शिष्यांना म्हनतो, या, खाऊन घ्या."

वर्ग हसला. शिकवणारे फादरही हसले. मग म्हणाले, "भाजायलाय? प्रभू भाजायलाय? ब्रदर, वेदीवरून ही भाषा चालणार नाही. भाषा शुद्ध करा."

मी केली. तीन वर्षं केली. 'आमी'चं 'आम्ही' झालं, 'न्हाई'चं 'नाही' झालं. सुट्टीत घरी गेलो की आत्या मला 'लेकरा' म्हणता म्हणता थांबायची आणि 'तुमी' म्हणायची. मला तिथंच राग यायला हवा होता. मला वाटलं, हा मान आहे.

उपासनाविधी शिकवणारे फादर मात्र वेगळे होते. वयस्कर, हळू बोलणारे. अंत्यविधीचा धडा चालू असताना त्यांनी पुस्तक मिटवून ठेवलं आणि म्हणाले, "हे नीट ऐका. हा विधी गेलेल्या माणसासाठी जितका, तितकाच मागं राहिलेल्यांसाठी. चर्चच्या नियमात विधी नाकारायची कारणं फार थोडी आहेत, ती वाढवायचा अधिकार तुम्हाला नाही. आणि धर्मगुरू किंवा त्याच्या खालचा उपयाजक, म्हणजे डीकन, मिळाला नाही, तर प्रार्थना साधा माणूसही चालवू शकतो. प्रेत ताटकळत ठेवायचं नसतं." परीक्षेत मी हेच लिहिलं. मार्क चांगले पडले.

मग तो मे महिना आला. आत्या रानातच चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत तिला शुद्ध होती, सकाळी गेली. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, माझ्यापेक्षा मोठा. मी त्याला दादा म्हणतो. दादानं तिला घरी आणलं आणि मला म्हणाला, "आई सांगून गेलीय, मला जाळू नका, माती द्या. आन् तुमच्या फादरला बोलवा म्हनली. चल."

त्याच्या मोटारसायकलवरून आम्ही परभणीला चर्चमध्ये गेलो. फादर ऑफिसात होते, पंखा फुल्ल चालू. मी उभा राहिलो, दादा दारात थांबला. मी सगळं सांगितलं.

फादरनी विचारलं, "तिचं लग्न चर्चमध्ये झालेलं नव्हतं ना?"

"न्हाई. म्हणजे, नाही, फादर."

बघा, माझी आत्या घरात पडलेली आणि मी भाषा दुरुस्त करत होतो.

"ती कम्युनियन घेत नव्हती."

"घेत नव्हती, फादर. तुम्ही सांगितलंय म्हणून घेत नव्हती. पण दर रविवारी यायची."

"आणि घरात ते पंचशील वगैरे चालायचं."

"तिच्या नवऱ्याचं घर आहे ते, फादर. चालणारच."

"मग मी कसा येऊ? उद्या सगळेच म्हणतील, लग्न कुठंही लावा, शेवटी फादर येतातच."

"फादर, यासाठी अंत्यविधी नाकारता येत नाही. आम्हाला शिकवलंय..."

"तू मला शिकवणार?" त्यांचा आवाज चढला. "अजून डीकनसुद्धा नाहीस तू. मी बिशप हाऊसला विचारतो. सोमवारी फोन कर."

तो शनिवार होता.

बाहेर आलो. दादानं सगळं ऐकलं होतं तरी मला विचारलं, "काय म्हनायलेत?" मला वाटतं, माझ्या तोंडून ऐकायचं होतं त्याला. मी सांगितलं, सोमवारी कळवतो म्हणाले.

"सोमवारपतूर आई राहती व्हय या उन्हात?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आमच्याकडं भंतेजी न्हाई आले तर उपासक येतो. तोबी न्हाई आला तर आमी चारजन उभं राहून म्हनतो. मेलेल्या मानसाला कुनी न्हाई म्हनत न्हाई रे."

आमच्या वयस्कर फादरनी वर्गात सांगितलेलंच तो सांगत होता. फरक एवढाच की दादाच्या लोकांनी ते खरंच पाळलं होतं.

मी म्हणालो, "दादा, मी करतो."

"तुला जमतं?"

"जमतं. मला परवानगी आहे." ही परवानगी पुस्तकातली होती, त्या ऑफिसातली नव्हती. पण मी खोटं बोललो नाही.

दादाच्या शेतात, बांधावरच्या लिंबाखाली खड्डा खणला. वस्तीतली सगळी माणसं आली. आधी वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. मी हात जोडून उभा राहिलो. मग ते बाजूला सरले आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

माझ्या अंगावर झगा नव्हता, साधी पँट-शर्ट होती. पुस्तक होतं. उघडलं. त्यातली मराठी अगदी शुद्ध, आणि समोरच्या एकाही माणसाच्या तोंडात न बसणारी. पहिलं वाक्य वाचलं आणि पुढं वाचवेना, पण रडू आल्यामुळं नाही. या भाषेसाठी मी तिचं 'लेकरा' घालवलं होतं, याचा संताप होता तो. मी पुस्तक मिटवलं. प्रार्थनेचा अर्थ मला पाठ होता, शब्द आमचे घातले.

"देवा, ही आमची माय तुझ्याकडं यायलीय. लय कष्ट केलेत तिनं. तुझ्या दारात मागं बसली, कधी पुढं न्हाई आली. आता तिला आत घे. पुढं बसव."

बाया रडायला लागल्या. मी विहिरीचं पाणी तांब्यातून शिंपडलं. बापाच्या, आन् लेकाच्या, आन् पवित्र आत्म्याच्या नावानं तिच्यावर खूण केली. दादानं पहिली मूठ टाकली, दुसरी मी. सोमवारी मी फोन केला नाही. त्यांचाही आला नाही.

जूनमध्ये सेमिनरीत पोचलो तर तिथल्या प्रमुखांनी, रेक्टरनी, बोलावलं. तिघं फादर बसले होते. परभणीहून तक्रार आली होती: ब्रदरनी परवानगीशिवाय अंत्यविधी केला, स्वतःच्या मनाची प्रार्थना म्हटली, आणि दुसऱ्या धर्माच्या विधीत भाग घेतला.

"भाग घेतला म्हणजे काय केलं मी?" मी विचारलं.

"ते म्हणत असताना तू हात जोडून उभा होतास."

"मग काय पाठ करून बसायला पाहिजे होतं?"

"आवाज खाली, ब्रदर."

"फादर, नियमाप्रमाणं सांगा, माझं चुकलं कुठं? नकार देणाऱ्याचं चुकलं की माझं?"

तिघांपैकी कुणीही नियमाचं नाव काढलं नाही. उपासनाविधी शिकवणारे माझे फादर त्या तिघांत होते. ते टेबलाकडं बघत राहिले. मला सगळ्यांत जास्त राग त्यांचा आला, अजून येतो. ज्यांना माहीत नव्हतं त्यांचं एक वेळ सोडून देईन. त्यांना माहीत होतं.

रेक्टर म्हणाले, "प्रश्न नियमाचा नाही. प्रश्न तुझ्या स्वभावाचा आहे. तुझ्यात खूप राग आहे. त्यावर काम कर." उपयाजकाची दीक्षा एक वर्ष पुढं ढकलली आणि मला येलदरीकडच्या एका वसतिगृहावर पाठवलं, राग कमी करायला.

दादाचा फोन यायचा. "सोड की ते. काय ठिवलंय तिथं? हिकडं ये, मास्तर हो, काहीबी हो."

खूपदा वाटलं, सोडावं. पण मी सोडलं तर त्या ऑफिसात त्या खुर्चीवर तसलाच माणूस बसणार आणि दारात दुसरा कुणाचा तरी दादा उभा राहणार. शिवाय त्या खड्ड्याशी मी जे बोललो त्यावर माझा विश्वास होता. विश्वास नसता तर राग कशाला आला असता? रविवारी मी धरणाकाठच्या मासेमारांच्या घरी प्रार्थना घ्यायचो, आमच्या बोलीत. तिथं वरचं कुणी येत नव्हतं, त्यामुळं माझी भाषा कुणी शुद्ध केली नाही.

वर्ष संपलं, दीक्षेचा दिवस ठरला. त्या विधीत बिशप विचारतात, हा उमेदवार पात्र आहे हे तुम्हाला माहीत आहे का? रेक्टर उत्तर देतात की देवाच्या लोकांकडं चौकशी केली आणि हा पात्र ठरला. मी हे वर्गात शिकलो होतो. पण पांढऱ्या झग्यात तिथं उभा असताना ऐकलं तेव्हा मी मनातच विचारलं. कोणत्या लोकांकडं? पेडगावला कुणी गेलं नव्हतं. दादाला कुणी विचारलं नव्हतं. माझ्याबद्दल विचारलं होतं ते एकाच माणसाला, आणि तो मातीला आला नव्हता.

तो माणूसही त्या दिवशी हजर होता. मांडवात जेवणं चालू असताना त्या फादरनी माझा हात धरला. "अभिनंदन. आता झालं गेलं विसरायचं."

"नाही विसरणार, फादर," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी गंमत करतोय. ते हसले आणि माझ्या खांद्यावर थाप मारून पुढं गेले.

दादा बायकोला घेऊन आला होता. दोघं मांडवाच्या टोकाला, पाण्याच्या ड्रमजवळच्या खुर्च्यांवर बसले होते. मी जाऊन दादाचा दंड धरला आणि म्हणालो, "ऊठ. तिथं न्हाई बसायचं."

"असू दे रे, बरंय हितं."

"ऊठ म्हनलं ना."

माझा आवाज चढला होता. आजूबाजूची माणसं बघायला लागली. बघू देत. मी त्या दोघांना पुढं नेलं, रेक्टरच्या शेजारच्या दोन खुर्च्या ओढल्या, बसवलं आणि पहिलं ताट दादासमोर ठेवलं.