आत्यांनी काढलेली चौकट

मंडळी, आधीच सांगून टाकते. अंगात येणं, दृष्ट लागणं, स्वप्नात कुणी येऊन सांगणं... यातलं मी काही मानत नाही. माझ्या माहेरी लिंबूसुद्धा सरबतापुरतंच आणायचे! तरी हे लिहितेय, कारण दोन वर्षं डोकं खाजवलं आणि हाती काहीच लागलं नाही.

मी देवळाली प्रवराला राहते. नवऱ्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मला एम.ए.ची हुक्की आली. विषय अर्थशास्त्र, कॉलेज श्रीरामपूरला. बाकी सगळे पेपर निघाले, पण मायक्रो — म्हणजे सूक्ष्म अर्थशास्त्र — पहिल्या खेपेला राहिला. दुसऱ्यांदाही राहिला तर शिक्षण बंद, असं मी स्वतःच घरात जाहीर करून बसले.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या चौथी शिकलेल्या. ऐकून म्हणाल्या, "बंद कशापायी? मंग मी रोज सकाळी रांगोळी काढते ती उगाच व्हय?"

त्यांचं बरोबर होतं. सडा-रांगोळी हे आमच्याकडे सुनेचं काम. मला सकाळी तासभर अभ्यासाला मिळावा म्हणून ते आत्यांनी घेतलं. बदल्यात त्यांच्या संध्याकाळच्या भाकरी मी घेतल्या, म्हणजे त्यांना भजनाला जाता येईल. गुडघ्यांमुळे त्या एकाच जागी पाटावर बसून हात पोचेल तेवढीच रांगोळी काढायच्या. ठिपक्यांचं कमळ. रोज तेच.

आता माझी चूक ऐका. दोन माणसांच्या देवाणघेवाणीचा धडा मी ऑप्शनला टाकला होता. तो शिकवला तेव्हा मी कोल्हारला मावसबहिणीच्या हळदीत नाचत होते. उजळणीच्या तासाला सरांनी त्याची आकृती घाईघाईत फळ्यावर काढून पुसली, तेवढीच पाहिलेली. मैत्रिणीच्या नोट्सचं झेरॉक्स काढतानाही तेवढा धडा मी गाळला. म्हणजे घरात त्याचं एक पानसुद्धा नव्हतं, हे लक्षात ठेवा.

पेपरच्या दिवशी सकाळी सातला चहा घेऊन बाहेर आले आणि उंबऱ्यातच थांबले.

अंगणात कमळ नव्हतं. एक मोठा चौकोन होता. घराकडच्या डाव्या कोपऱ्यापासून काही वाकड्या रेषा, तिरक्या समोरच्या कोपऱ्यापासून तशाच दुसऱ्या, आणि दोन्हीकडच्या रेषा पाठीला पाठ लावून एकमेकींना टेकलेल्या. जिथे टेकल्या तिथे ठिपके, आणि सगळे ठिपके जोडणारी एक रेघ, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. रेघेच्या जरा बाजूला हळदीचं एकच बोट. फळ्यावरची आकृती ती हीच, दोन कोपरे म्हणजे देवाणघेवाण करणारी दोन माणसं!

"आत्या, हे काय काढलं?"

"कमळच काढाया बसले हुते. हात असाच गेला."

त्यांचा पाट मात्र अंगणाच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला पडला होता. म्हणजे अर्धी रांगोळी त्यांनी तिकडून काढली होती. मी विचारलं, "गुडघे दुखत असताना पलीकडे कशाला गेलात?"

"हिकडं बसून तिकडल्या मानसाचं कसं कळंल? उठून जावंच लागतं."

"आणि ही हळद?"

"दोघं आत्ता हितं हायेत. त्यांनी रेघंवर यायचं." एवढं बोलून त्यांनी बशीत चहा ओतला.

खरं सांगते, भीती नाही वाटली. उलट बरंच वाटलं. मी मोबाईलवर फोटो काढला, मैत्रिणीला फोन करून गाळलेला धडा गेटवर मागवला आणि पेपरआधी अर्धा तास कॉलेजच्या कडुलिंबाखाली बसून तेवढाच वाचला.

तोच प्रश्न आला. आणि त्याला ऑप्शनही नव्हता! मी डोळ्यांसमोर अंगण आणलं आणि रांगोळी काढली. पेपर निघाला.

नंतर सरांना फोटो दाखवला. म्हणाले, "दुसऱ्या माणसाचा कोपरा बरोबर घेतलाय. मुलं इथंच चुकतात, दोघांच्या रेषा एकाच बाजूनं काढतात. कुठल्या वर्गातली मुलगी ही?" सासूबाईंचं नाव सांगितल्यावर सर हसत सुटले.

मोबाईलवर पाहिलं असेल म्हणाल, तर आत्यांचा फोन बटणांचा आहे. नवऱ्याला विचारलं तर तो मलाच म्हणाला, "जागरणं कमी कर." आत्यांना तीच रांगोळी पुन्हा काढायला सांगितली, तर कमळ आलं. दुसऱ्या दिवशीही कमळच.

निकाल लागला त्या दिवशी पेढा त्यांच्या हातावर ठेवून मी म्हटलं, "आत्या, आता रांगोळी मला परत द्या. तुमच्या भाकरी तुम्ही घ्या."

"नगं," त्या म्हणाल्या. "मला सकाळचं अंगन लई गोड वाटतं, आन तुला भाकरी जमाया लागल्यात. आता ह्यात कुनाचं जरा चांगलं कराया जावं, तर दुसरीचं बिघडंल. ऱ्हाऊ दे हाय तसं."

त्या रेघेचा अर्थ म्हणून मी पेपरात हेच लिहिलं होतं, फक्त पुस्तकी शब्दांत. घरात मी ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

फोटो अजून माझ्याकडे आहे. उत्तर नाही. आत्या आत्ताच भजनाला गेल्यात, आणि त्या यायच्या आत मला भाकरी थापायच्यात.