मन्मथअप्पांचं ‘न्हाई’

गेल्या महिन्यात उदगीरहून फोन आला. पलीकडे मन्मथअप्पांची सून. ‘अप्पा लिंगैक्य झाले. जेवले, पान खाल्लं, आडवे झाले, ते उठलेच न्हाईत.’ सांत्वनाचे चार शब्द मी शोधत होते आणि तोंडातून निघालं काय, तर ‘बरं झालं बाई.’ त्या पोरीला काय वाटलं असेल कुणास ठाऊक. पण मला खरंच हायसं वाटलं. हा माणूस कचेरीच्या खुर्चीतच संपतो की काय, ही धास्ती एके काळी मी रोज घेतली होती. त्यानंतर ते पंचवीसेक वर्षं जगले आणि पोटभर जेवून स्वतःच्या अंथरुणावर गेले.

मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा होता. आमची सरकारी कचेरी भाड्याच्या माडीवर, खाली तुरीचं गोदाम. उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे ट्रकनं यायचे, निम्मी पदं रिकामी, आणि त्यात दुष्काळ. मन्मथअप्पा आमचे अव्वल कारकून. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि तोंडात एकच उत्तर... ‘हाव.’ आमच्याकडं हाव म्हणजे हो. नवे साहेब पुण्याकडचे. पहिल्या दिवशी बिचारे दचकले. ‘हाव? कसली हाव आहे तुम्हाला?’ आम्ही माना खाली घालून हसलो. पण साहेबांना त्या शब्दाचा अर्थ लवकरच कळला, नको तितका कळला. आवक-जावक बघाल? हाव. टँकरचं टेबल घ्याल? हाव. रविवारी याल? हाव. आम्ही बाकीचे ‘बघतो साहेब’ म्हणून सटकायचो. अप्पांना तेवढंही जमायचं नाही. ‘अप्पा, एकदा तरी न्हाई म्हणा की,’ मी खवळायचे. ते म्हणायचे, ‘वरच्याला न्हाई म्हणायची जीभच दिली न्हाई देवानं, सुनंदाबाई.’

त्या उन्हाळ्यात माणूस डोळ्यांदेखत वाळत गेला. डबा तसाच परत जायचा. त्यांची बायको, आमच्या काकू, एकदा सिद्धेश्वराच्या देवळात भेटल्या. म्हणाल्या, ‘मी ह्यांना म्हटलं, भाजी संपली. तर म्हणतात, अर्ज द्या.’ सांगताना हसल्या, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. साहेबांचा मला असा राग आला होता! पण मी पडले हंगामी, माझ्या रागाला कोण विचारतंय.

आणि मग ते बोरगावचं झालं. आमच्या भागात बोरगाव काय एकच आहे? त्यात जिल्हा नवा, कुठलं गाव कुठल्या तालुक्यात गेलं याचा अजून मेळ नव्हता. अप्पांनी टँकर लावला एका बोरगावला, तहानलेलं होतं दुसरं. दोन-तीन दिवसांनी तिथल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन आमच्या जिन्यावर येऊन बसल्या. भांडल्या नाहीत. एका म्हातारीनं तेवढं विचारलं, ‘आमचं बोरगाव हाय का न्हाई तुमच्या जिल्ह्यात, दादा?’ टँकर अप्पांनी तिथल्या तिथं रवाना केला आणि साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. साहेबांनी झाप झाप झापलं. आणि त्याच दमात म्हणाले, ‘उद्यापासून आस्थापनेचं टेबलही तुम्हीच बघा, माणूस रजेवर चाललाय.’

‘न्हाई,’ अप्पा म्हणाले.

‘काय म्हणालात?’

‘न्हाई, साहेब. आज डोकं चालंना म्हणून एक गाव तहानलं. आणखी टेबल घेतलं तर आणखी एक तहानंल. मला जमणार न्हाई.’ आवाज चढला नव्हता.

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला, हदगाव. नांदेडच्याही पलीकडं. शिक्षाच ती, सगळे म्हणाले. स्टँडवर निरोप द्यायला गेले तेव्हा मला रडू आवरेना. अप्पा एसटीच्या खिडकीतून म्हणाले, ‘रडता कशाला? काल लई दिसांनी झोप लागली.’ गाडी हलली.

मागच्या आठवड्यात रजा टाकून उदगीरला काकूंना भेटून आले. त्या सांगत होत्या, ‘हदगावला पहिल्याच दिवशी हे उजेडात घरी आले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणतात, सुटली. मी मटकन खालीच बसले. तर हसतात कसे... अगं, नोकरी न्हाई, कचेरी सुटली. सहा वाजले.’ तेव्हापासून सहाला दार आतून लावायचं आणि दोघांनी चहा घ्यायचा, हा अप्पांचा नेम. रिटायर होऊन उदगीरला आले तरी मोडला नाही. आता साहेब आला तरी उघडायचं न्हाई, म्हणायचे.

बोलता बोलता काकू उठल्या आणि दाराला कडी घातली. चहा ठेवला. तेवढ्यात माझ्या पर्समधला मोबाइल वाजायला लागला. आमचे सध्याचे साहेब. माझा हात पर्सकडं गेलाच.

‘बस की गं,’ काकू म्हणाल्या. ‘कचेरी सुटली.’

मोबाइल बराच वेळ वाजला. मी चहा बशीत ओतला.