लाईट गेल्यावरचा वर्ग

पवनीच्या कॉम्प्युटर क्लासचे सर लाईट गेली तरी आम्हाला सोडत नसत. "लाईट गेली, बोटं त नाई गेली ना?" म्हणत बंद कीबोर्डवरच टाईप करायला लावत, आणि हात मागे बांधून पाठीमागून फिरत. नवी नवरी असताना मी रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या माणसापुढं डोक्यावर पदर घ्यायची. त्या खुळीपेक्षा आता आपण शहाणे झालो, असं मला वाटे.

परीक्षा उद्यावर आली. वर्गात माझ्या शेजारी बसणारी माझी नात म्हणाली, "आजी, तू नापास झाली त मी गावभर सांगीन." तेवढ्यात लाईट गेली. घाबरून मी काळ्या पडद्यावरच परीक्षेत येणारा अख्खा अर्ज टाईप केला.

सर मागे थांबले. पडदा सावकाश वाचून म्हणाले, "आजी, 'महोदय' लिहायचं राहिलं तुमचं."

मी डोक्यावर पदर घेऊन वाकून पाहिलं. खरंच राहिलं होतं.