अक्कांची काळी पट्टी

"साइट उघडंना. पार्टी समोर बसलीय," अक्का फोनवर म्हणाल्या.

अक्का आमच्या क्लायंट. सोलापुरात त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. त्या दिवशी पुण्याच्या एका हॉटेलचे खरेदीवाले डिझाइन्स बघायला त्यांच्याकडे आले होते. साइट मी केलेली, आणि थोड्या वेळापूर्वी मीच ती अपडेट केली होती.

झालं असं. साइटच्या तळाशी एक काळी पट्टी दिसते, हे सकाळी आमच्या शेख सरांच्या लक्षात आलं. तो डीबगबार. पान उघडायला किती वेळ लागला, डेटाबेसमधून काय काय आणलं, हे डेव्हलपरला दाखवणारं टूल. घर बांधताना परांची लागते, राहायला गेल्यावर कोणी ती ठेवत नाही. तशी ही टूल्स आमच्या मशीनवर हवीत, लोकांची साइट चालते त्या सर्व्हरवर नकोत. आतली माहिती जगाला कशाला दाखवायची? साइट ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभी आहे त्यात अशा टूल्सची यादी वेगळी ठेवता येते. मी डीबगबार त्या यादीत हलवला, ती यादी वगळून सर्व्हरवर इन्स्टॉल केलं आणि चहाला गेले. तेवढ्यात हा फोन.

"एरर शोधू का?" मी सरांना विचारलं.

"आधी कालची साइट चढव. शोध नंतर."

जुनी साइट चढली. अक्कांनी काळ्या पट्टीसकट डिझाइन्स दाखवली. मग मी एरर लॉग उघडला. साइट सुरू होतानाच वाचली जाते अशा एका फाइलमध्ये 'डीबगबार चालू कर' ही ओळ तशीच राहिली होती. टूल जागेवर नाही, म्हणून साइट तिथंच अडत होती. ओळीला अट घातली, की हे फक्त आमच्या मशीनवर. या खेपेला टूल्स वगळून साइट आधी माझ्याच मशीनवर चालवली, मग सर्व्हरवर चढवली. व्यवस्थित उघडली.

संध्याकाळी अक्कांचा परत फोन. सॅम्पलची ऑर्डर मिळाली होती, खुशीत होत्या. मग म्हणाल्या, "ती खालची पट्टी कुटं गेली?"

"काढली, अक्का. ती आमच्या कामाची होती."

"मला लई कामाची होती की. किती डिझाइन्स चढल्यात ते त्यात कळायचं."

मला हसू आवरेना. पानावर किती नोंदी, म्हणजे किती डिझाइन्स, आल्या तो आकडा पट्टीत असायचा खरा. इतक्या दिवसांत आमच्यापैकी कोणालाच तो त्यांच्यासाठी वेगळा द्यायचं सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी, त्यांनी लॉगिन केलं की फक्त त्यांनाच दिसेल असा, तो मोठ्या अक्षरात दिला.

आता कुठलंही टूल काढायचं तर ते नसताना साइट चालते का, हे मी आधी बघते. आणि क्लायंटला एक फोन करते.