उपासाच्या चिवड्यातला मका

आमच्या कंपनीच्या उपासाच्या चिवड्यात मक्याचं स्टार्च निघालं तेव्हा मी तिथे ग्राहकांचे फोन घेत होते. पिठीसाखरेचे गोळे होऊ नयेत म्हणून ते तिच्यात मिसळलेलंच येई. पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलंही होतं. हिंजवडीतल्या कुणा संगणकवाल्याने ते वाचून ओळखीपाळखीत मेल पाठवली आणि माझा फोन थांबेचना. मका म्हणजे धान्य, आणि धान्य पोटात गेलं की उपास मोडला.

साहेबांनी माझ्या टेबलावर एक कागद चिकटवला: ‘आमच्या उत्पादनात आरोग्यास अपायकारक काहीही नाही.’ याउपर एक शब्द बोलायचा नाही.

“पण सर, तब्येतीचं कुणी विचारतच नाहीये.”

“तुम्ही उत्तरं द्या. प्रश्नांचं आम्ही बघतो.”

‘आहे’ एवढं म्हटलं असतं तरी निम्मे फोन तिथेच मिटले असते. पण जुना माल खपायचा होता. दिवसभर तेच वाक्य घोकताना मला त्या कागदाचा आणि माझ्या गुळगुळीत आवाजाचा संताप येई. नोकरी मात्र मोठ्या मिनतवारीने मिळालेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

घरी सासूबाई. संकष्टी असो की एकादशी, त्यांच्यासाठी हाच चिवडा मी कंपनीतून कौतुकाने आणायचे. त्या आठवड्यात आणलेलं पाकीट मी कपाटात मागे सारलं, पण बोलले नाही.

एकादशीला संध्याकाळी घरी आले तर त्या चिवडा ताटलीत काढून, न खाता बसलेल्या. भजनी मंडळात कुणीतरी ती मेल छापून आणली होती.

“अगं, यात मका आहे म्हणतात. खरं का?”

आणि माझ्या तोंडून, अगदी फोनवरच्या सुरात निघालं, “आमच्या उत्पादनात आरोग्यास अपायकारक काहीही नाही.”

त्या बघतच राहिल्या. “मी तब्येतीचं विचारलं नाही. आहे की नाही, तेवढं सांग.”

“आहे.”

त्यांनी चिवडा पुन्हा पाकिटात भरला. रागावल्या नाहीत, याचीच मला जास्त लाज वाटली.

“झालं ते झालं. मला ठाऊक नव्हतं, हे देवाला कळतं,” त्या म्हणाल्या. “तुला मात्र ठाऊक होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच फोन एका म्हाताऱ्या बाईंचा होता. “अहो, चिवड्यात मका आहे का हो?”

मी कागदाकडे बघितलं आणि वाचून दाखवलं.